स्वच्छ पत्त्यांचा कारागीर

श्रीगजाननाला आणि वाग्देवीला वंदन करून, आमच्या पनवेलच्या संस्कृत वर्गाच्या वर्धापनदिनी निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एका माणसाची आठवण लिहितो. नाव लिहीत नाही. वर्गाच्या ओट्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले ते गृहस्थ आपण सर्वांनी पाहिले आहेत.

"काका, पत्ता तोंडाने सांगता आला पाहिजे," असे म्हणत ते बोटाने हवेत एक तिरकी रेघ ओढीत. आमच्या संकेतस्थळाच्या पानांचे पत्ते पूर्वी प्रश्नचिन्हांनी आणि आकड्यांनी बरबटलेले होते. त्यांनी ते धुऊन काढले. वर्गाचे नाव, तिरकी रेघ, 'गीता', पुन्हा रेघ आणि अध्याय. झाले! मोबदला विचारला की प्रसादाचा पेढा उचलीत आणि म्हणत, "मधुमेह आहे, म्हणून एकच," आणि दुसरा खिशात टाकीत.

एकदा मी विचारले, "एवढी पाने ठेवलीत तरी कुठे?"

"दार एकच असते, काका. येणारा प्रत्येक जण तिथेच येतो. आत नियम मांडलेले असतात, कोणता पत्ता आला की कोणते पान दाखवायचे याचे. वरून खाली पाहत जायचे. जो आधी जुळेल, तोच त्याला आत नेतो. खालच्यांना कोणी विचारीत नाही."

"आमच्या व्याकरणात दोन सूत्रे भिडली की नंतरचे जिंकते."

"मग तुमचे ऋषी आमच्याकडे नापास!" ते खळखळून हसले. मीही हसलो. अशा माणसावर अविश्वास कसा धरावा? संकेतस्थळाच्या सगळ्या किल्ल्या मी त्यांच्याच हाती राहू दिल्या.

बेलपाड्याच्या एक ताई घरकाम आटोपून मोबाइलवर आमचे पाठ म्हणत. एके सकाळी त्यांचा फोन आला.

"गुर्जी, बारावा अध्याय उघडला तर पत्रिका बघायचं पान आलं. पोरीची जन्मवेळ घातली. मोठा दोष हाय म्हणतात. आमी सोयरिकीला 'नाय' म्हणून कळवलं."

"ताई, ते पान माझे नाही!"

"पत्ता तर तुमचाच हाय ना?"

मी तडक त्या गृहस्थांच्या घरी गेलो. पत्रिकेचा तो व्यवसाय त्यांनीच नव्याने काढला होता.

"सगळ्यात वर एकच नियम घातला," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "तुमच्याकडे येणारी माणसे भाविक, काका. आणि तुमचा एकही पत्ता तुटलेला नाही, प्रत्येक उघडतो."

"तुटला असता तर बरे झाले असते."

पुढे त्यांनी माझा फोन घेणे बंद केले, आणि घर बदलून खारघरकडे कुठेतरी गेले, असे ऐकले. किल्ल्या त्यांच्याकडेच, म्हणून तो नियम अजून तिथेच आहे.

मी ताईंना घेऊन सोयरीक मोडलेल्या त्या मुलाच्या घरी गेलो आणि घडले ते सारे सांगितले. मुलाचे वडील ऐकत राहिले, मग त्यांनी हात जोडले.

"गुर्जी, दुसऱ्या कोणी दोष सांगितला असता तर आमी थांबलो असतो. तुमचं नाव ऐकलं म्हणूनच दुसरीकडं सुपारी फोडली."

परतताना ताई माझ्यापुढे भरभर चालत निघून गेल्या.

वाचकहो, आपण ज्या दारी श्रद्धेने जाल, तिथे आपणांस अपेक्षित तेच माणूस भेटो. आपल्या लेकीबाळी सुखाने नांदोत आणि आपल्या घरादारावर भगवंताची कृपादृष्टी अखंड राहो.