मोबाईलमधल्या भावाला दिलेला हुंकार

आमच्याकडे गोष्ट सांगायची तर समोर हुंकार देणारं कोणीतरी लागतं. सांगणारा एक वाक्य बोलून थांबतो, ऐकणारा 'हूं' म्हणतो, मग पुढचं वाक्य. हूं आला नाही तर सांगणारा गप्प बसतो, आणि बळंच सांगत राहिला तर लोक त्याला हसतात. आमगावकडच्या आमच्या गावात या कामात माझ्या मायचा हात धरणारं कोणी नव्हतं. शेकोटीभोवती माणसं जमली की सांगणारा आधी विचारायचा, "काकी आली का?" तिचा हूं दर वेळी वेगळा असायचा. भीतीचा वेगळा, पुढचं ओळखल्याचा वेगळा, आणि समोरचा थापा मारतोय असं वाटलं की नाकातून निघायचा तो अगदीच वेगळा.

मी त्या हुंकारावरच वाढले. शाळेतून आले की दप्तर खाली ठेवायच्या आधी तिला सगळं सांगून व्हायचं. पुढे गोंदियाला खाजगी शाळेत नोकरी लागली, खोली घेऊन राहू लागले, तेव्हा रोज संध्याकाळी फोन. मी बोलायचे आणि पलीकडून हूं यायचा. सल्ला नाही, उपदेश नाही. भाजीवालीपासून घरमालकापर्यंत सगळे हिंदीत बोलतात अशा त्या शहरात मला घर म्हणून होता तो एवढा एक हूं.

एका दिवाळीच्या तोंडावर माय अंगण सारवताना घसरून पडली आणि पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. भाऊबीजेला मामा आला तर तिने खाटेवरूनच त्याला ओवाळलं. मग धानाची कापणी लागली. दादा-वहिनी सकाळीच शेतावर जायचे आणि ही छताकडे बघत पडलेली. मला सुट्ट्या होत्या, पण मी तरी किती बोलणार? माझ्याकडचं सांगण्यासारखं दोन दिवसांत संपलं.

म्हणून गोंदियाच्या बाजारातल्या मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्ड भरून आणलं. भजनं घेतली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मराठी में एक मर्डरवाली किताब भी है, पूरी पढ़के सुनाई है. आखरी तक पता नहीं चलेगा." मी खूश होऊन तीही घेतली.

माय दिवसा ऐकेना. दिवसा गोष्ट ऐकली की मामा वाट चुकतो, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. मग दिवेलागणीला मी मोबाईल तिच्या उशाशी ठेवायचे. एका माणसाच्या बहिणीचा खून झालाय, पोलिसांना काही सापडत नाही, म्हणून तो स्वतःच खुनी शोधायला निघतो आणि स्वतःच सगळं सांगतो, अशी ती कादंबरी. आवाज मऊ होता, घरातल्या माणसासारखा. पहिल्याच वाक्याला मायने हूं दिला.

मला हसू आलं. "अवं, तो मोबाईल हाये. त्याले ऐकू येते का?"

"तो सांगून राहिला न? मंग मी गुमसुम काऊन राहू?"

पण मोबाईलला थांबायची रीत कुठली माहीत! हिचा हूं संपायच्या आत त्याचं पुढचं वाक्य सुरू. शेवटी मी बटणावर अंगठा ठेवून बसले. तो एक वाक्य बोलला की मी बटण दाबायचे, मायचा हूं झाला की पुन्हा सोडायचे. त्या शहरी माणसाला आम्ही आमच्या शेकोटीची शिस्त लावली म्हणा ना.

माय त्याच्यात पार गुंतली. पोळी टाकणाऱ्या वहिनीला विचारायची, "आज त्या भावाचं काय झालं असन वं?" तिचा संशय मेव्हण्यावर, म्हणजे त्या बहिणीच्या नवऱ्यावर होता. मेव्हणा बोलू लागला की ती नाकातला हूं काढायची. बहिणीची लहान मुलगी त्या माणसाला मामा म्हणायची. तो तिला मांडीवर घेऊन सांगायचा, यंदा भाऊबीजेला मला ओवाळायला कोणी नाही. माय पदराने डोळे पुसून म्हणाली, "भाऊ असावा तं असा."

शेवटच्या दिवशी दादा-वहिनीही येऊन बसले. आणि तो माणूस त्याच मऊ आवाजात म्हणाला, ताईला मीच मारलं. तिने शेतातला वाटा मागितला होता.

मी सवयीने बटण दाबलं. हूं आलाच नाही.

"च्यामारी, भारीच हाये!" दादा मांडीवर थाप मारत म्हणाला.

"बंद कर," माय म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून, "दिवसा ऐकलं नाही, तरी मामा वाट चुकलाच."

दुसऱ्या दिवशी तिने भर दुपारी मला बोलावलं. बहीण मेली त्या दिवसाचं लाव म्हणाली. मी शोधून लावलं. तो सांगत होता, ताईला म्हटलं, दार लावून घे. थोड्या वेळाने मी घरी आलो.

"थांबव. इथंच. या थोड्या वेळात त्यानं तिले मारलं. अन् मी हूं म्हटलं."

"माय, गोष्ट हाये ते."

"चोरी करणारा चोरी करते. पण तो मले साक्षीले बसवून कायले करन?"

लोक याला लेखकाची करामत म्हणतात, म्हणोत बापडे. मला त्या लेखकाचा राग येतो. खुनी लपवायला त्याच्याकडे मेव्हणा होता, त्या घरचा माळी होता, अख्खं गाव होतं. त्याने लपवला तो गोष्ट सांगणाऱ्याच्याच जिभेखाली! वाचणारा निदान मागचं पान उलटून बघतो. ऐकणाऱ्याजवळ फक्त आवाज असतो, आणि माझी माय खाटेवर पडल्या पडल्या त्या आवाजावर विसंबली होती. हे फसवणंच झालं. आणि दर वाक्याला थांबून तिचा हूं त्याला मिळवून देणारा अंगठा माझा होता, ते वेगळंच.

पुढे प्लास्टर निघालं, माय काठी घेऊन अंगणात फिरू लागली. त्याआधीच माझ्या सुट्ट्या संपल्या होत्या. गोंदियाला परतले त्या संध्याकाळी नेहमीसारखा फोन लावला. सांगितलं, माझा वर्ग बदलला. पलीकडे काही नाही. मी मुख्याध्यापकांकडे गेले, मी स्पष्ट बोलले, मग बाजारात भाजी घेतली, आणि थोड्या वेळाने मी खोलीवर आले.

"माय? लाईन कटली का?"

"नाही. ऐकून राहिली."

"मंग हूं काऊन नाही देत?"

मागे अंगणात वहिनी धान पाखडत होती, त्याचा सपसप आवाज येत होता.

"तू सांग. पुरं सांग. हुंकार मी शेवटी देईन."