गंगूवरचा खडू

नात लॅपटॉपवर काम करत होती. तिचा प्रोग्राम बंद पडला, तर पडद्यावर मेमरीच्या पत्त्यांचे नुसते आकडे. तिने एक फाईल जोडली आणि आकड्यांच्या जागी फंक्शनची नावं आली. "आबा, नावं जपली होती म्हणून बिघाड सापडला."

मला आमच्या बंद कापड मिलमधला जुन्या तेलाचा वास आला. मिल भंगारात निघाली त्या दिवशी भंगारवाला आमच्या मागांवर खडूने आकडे टाकत होता. माझ्या मागावर हात ठेवून मी म्हणालो, "भिया, ही गंगू आहे."

"काकाजी, भंगार में नाम नहीं चलता!"

मी आकडा तळहाताने पुसला. त्याने पुन्हा लिहिला आणि हसला. तिचं बारसं माझ्यासोबत करणारे विणकरही हसले. भंगारवाला परका होता. त्यांना मात्र मी अजून माफ केलेलं नाही.