अक्षता पडताना

नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती. माजलगावात माझा फोटो स्टुडिओ होता आणि मी मुळातच भित्रा माणूस. लग्नाच्या फोटोग्राफरनं खरं तर भित्रं असू नये, कारण चुकलं म्हणून लग्न पुन्हा लावा असं कुणाला सांगता येत नाही.

त्या वर्षी माझ्याकडे दोन डिजिटल कॅमेरे होते. एक माझा स्वतःचा, छोटा, पेन्सिल सेलवर चालणारा. सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळायचे, पण हा पठ्ठ्या बटण दाबल्यावर आधी विचार करायचा आणि मग फोटो काढायचा. दुसरा मित्राकडून आणलेला, मोठ्या लेन्सचा. बोट टेकवलं की फोटो. पण त्याची बॅटरी चार्ज करावी लागे, आणि लोडशेडिंग असं की लाईट कधी येईल ते वायरमनलाही ठाऊक नसे. लोक विचारायचे, यातला चांगला कोणता? मी म्हणायचो, जो ऐनवेळी दगा देत नाही तो.

चकलांब्याजवळच्या एका गावातलं लग्न ठरवायला नवरीची आई स्वतः दुकानात आली होती. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात कुणा फोटोग्राफरच्या रोलला उजेड लागला आणि एकही फोटो आला नाही. पुढं ती मुलगी पहिल्या बाळंतपणात गेली. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. तुळशीपाशी जाऊन, लग्नाकडे पाठ करून, पाणी घालत उभी राहते. म्हणजे थोरलीवर पडलेल्या अक्षता या बाईनं ना डोळ्यांनी पाहिल्या होत्या, ना फोटोत.

“भाऊ, रोलचा कॅमेरा नगं,” ती म्हणाली. “धुतल्याबिगर कळत न्हाई त्यात. लगीच दिसतंय तसला आणा. मला तितल्या तितं बघायचंय.”

मी हो म्हणालो आणि वहीत तारखेपुढं ‘दोन्ही कॅमेरे’ असं लिहून ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी लाईट गेली ती गेलीच. मोठा कॅमेरा अर्धवटच चार्ज झाला. तरी दोन्ही घेऊन गेलो. मुहूर्त दुपारचा, पण सिरसाळ्याहून कुणी मोठे पाहुणे यायचे होते, त्यांच्यावाचून लग्न लागेना. तोवर व्याही, करवल्या, जीपच्या टपावरचा नवरदेव, सगळं काढून झालं. काढलेला प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर बघायला निम्मं गाव माझ्या अंगावर पडत होतं. छोट्या कॅमेऱ्याचे जवळचे जादा सेलही त्यातच खर्ची पडले. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि मोठ्याची बॅटरी लाल दाखवून बंद पडली. उरला तो विचार करणारा.

त्याच्याशी वागायची माझी एक रीत होती. ‘सावधान’मधल्या ‘साव’वर बटण दाबायचं, ‘धान’वर फोटो निघतो. पण शेवटचं मंगलाष्टक कोणतं तेच कळेना. एक संपलं की दुसरा हौशी पाहुणा बॅटरीवरचा माईक ओढून घ्यायचा. प्रत्येक वेळी मी बोट ताणायचो आणि पुन्हा सैल सोडायचो. घामानं बटण निसटत होतं. मनात एकच चाललं होतं, आज चुकलं तर या बाईला काय तोंड दाखवू? शेवटी भटजींनी स्वतः माईक घेतला, अंतरपाट खाली आला, बँड वाजला, आणि भीतीनं माझ्याकडून बटण उशिरा दाबलं गेलं. फ्लॅश चमकला. पुढच्या क्षणी पडदा काळा झाला. सेल संपले होते. फोटो कार्डावर उतरला की अर्ध्यात गेला, देव जाणे.

बाई तुळशीपासून तशीच ओल्या हातांनी आली.

“दावा भाऊ.”

“सेल संपलेत, मावशी.”

“ह्योबी गेला का?” तिचा आवाज इतका बारीक झाला की बँडमध्ये मला तो ओठांवरूनच कळला.

मी किराणा दुकानाकडे पळालो. दुकानाला कुलूप. दुकानदार पहिल्याच पंगतीत बसलेला. मी त्याला भरल्या पानावरून उठवलं. त्यानं मला शिव्या घातल्या, पण सेल काढून दिले. परत येऊन बसवले तर एक उलटा बसला. तो सरळ करेपर्यंत ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. पडदा उजळला.

फोटो होता. अक्षता हवेत होत्या, सगळं वऱ्हाड नवरानवरीकडे बघत होतं, नवरदेव हार घेऊन पुढं झालेला. नवरी मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं मान वळवली होती, मांडवाबाहेर, तुळशीकडे.

उन्हात नीट दिसेना म्हणून बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि कॅमेरा त्याच्या आत धरला.

“माझ्याकडं बघायली,” पदराआडूनच ती म्हणाली.

मग पदर मागं सारून तिनं मला विचारलं, “भाऊ, थोरलीनंबी असंच बघितलं असंल का ओ? अन् मी तिच्याकडं पाठ करून हुबी व्हते.”