जाळीवरचं तांबडं कापड

हे बायकोला माहीत नाही, लॅबमध्ये तर कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

कोल्हापुरात क्षयरोगाच्या लॅबमध्ये मी सीनियर टेक्निशियन. थुंकीचे नमुने आम्ही सेफ्टी कॅबिनेटमध्ये उघडतो — पुढं काच, काचेखाली जाळी. ती जाळी हवा आत ओढते, म्हणून जंतू आपल्या तोंडावर येत नाहीत. जाळी झाकायची नाही, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच शिकवतो. मीच!

आणि खंडेनवमीला त्या जाळीवर तांबडं कापड अंथरलं, तेही मीच. वर नारळ, झेंडूची फुलं. अवजारांची पूजा आमच्याकडं कुणी चुकवत नाही. मशीन सुरू केलं तर हवा अडल्यामुळं अलार्म कोकलायला लागला. ऐन आरतीत कटकट नको, म्हणून मी तो बंद केला. नंतर सुरू करायचा विसरलो? नाही — आता तरी खोटं कशाला बोलू? दसऱ्याआधी पूजा हलवायची नव्हती, म्हणून बंदच ठेवला.

दुपारी तातडीचा नमुना आला. मी शोभाला बसवलं, लॅबमधली सगळ्यात नवी टेक्निशियन. तिनं विचारलंही, "सर, कापड काढू काय?" राहू दे म्हटलं.

"बरं. मशीन वरडत न्हाय म्हंजे ठीकच असंल की," म्हणाली आणि कामाला लागली.

मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडायला काय धाड भरली होती मला?

काही महिन्यांनी तिला खोकला लागला. औषधांना दाद न देणारा क्षय — त्या नमुन्यात होता तसलाच. साहेबांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, ती मास्क नाकाखाली ओढते. एकदाही पाहिलं नव्हतं. पण सगळ्यांनी मानलं. ऐकून ऐकून तिनंसुद्धा.

परवा पेठ वडगावला तिच्या माहेरी गेलो. इंजेक्शनांनी तिचे कान गेलेत. आता गोळ्याही लागू पडत नाहीत, डॉक्टरांनी घरच्यांना तसं सांगून टाकलंय. घरातली माणसं तिच्याशी पाटीवर लिहून बोलतात. मला बघून ती कशीबशी उठून बसली.

"माझंच चुकलं, सर," ती मोठ्यानं म्हणाली. "मास्क नीट लावाय पायजे हुता."

पाटी उशाशीच होती. खडूही होता.

मी मान डोलावली — व्हय म्हणून.