वर्षालीताईंची उलटतपासणी

बोलण्याआधी वर्षाली थूल घसा खाकरत. कुठलाही कागद हाती आला की तो उभा दुमडत. चहा उभ्यानेच पीत. वर्गात दाराजवळच्या बाकावर बसत आणि कुणी दारातच रेंगाळलं की त्याला नुसत्या नजरेने आत सरकवत. कुणी मध्येच बोललं, तर त्याचं संपेपर्यंत गप्प राहत आणि मग आपलं वाक्य पहिल्यापासून सुरू करत.

त्या एसटीच्या आर्वी आगारात कंडक्टर होत्या. वय चाळिशीचं. दुपारची ड्यूटी मागून घ्यायच्या आणि सकाळी वर्ध्याला लॉ कॉलेजात यायच्या. मयुरी त्यांच्याच वर्गात होती. मराठी साहित्यात बी.ए. करून ती वकिलीकडे वळली होती. दोघींचं पहिल्या महिन्यातच जमलं.

कॉलेजात दरवर्षी अभिरूप खटल्याची स्पर्धा व्हायची. खटला खोटा, नियम खरे. वकील विद्यार्थी आणि साक्षीदारही विद्यार्थीच. दोन वर्षं त्यांच्या वर्गाच्या संघाने वर्षालीताईंना साक्षीदारच केलं. एकदा शेतमजूर बाई, एकदा मयताची आई.

"ताई, तुम्ही एकदम ओरिजिनल वाटता," संघप्रमुख रुपेश म्हणायचा.

तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षी त्याने पुन्हा साक्षीदाराचा जबाब पुढे केला. ताईंनी हात मागे घेतला.

"औंदा मी वकील."

"पण ताई, तुमची भाषा..."

"माह्या भाषेले काय झालं? आर्वीच्या कोर्टात लोक काय पुस्तक वाचून दाखवतेत?"

"अन् हारलो तर?"

"तर माह्या बसमधी तुले उभ्यानं नेईन. बस्स."

रुपेशला हसू आलं. मग तो तयार झाला.

संघ अंतिम फेरीत पोचला. जिंकणारा संघ पुढच्या फेरीला नागपूरला जाणार होता. खटल्यात बाजार समितीतून सोयाबीनची पोती चोरीला गेली होती, आरोपी होता एक हमाल. ताई त्याच्या वकील. समोरच्या संघाची भागीरथा, पहिल्या वर्षाची मुलगी, चौकीदाराच्या बायकोच्या भूमिकेत साक्षीदार होती. तिच्या जबाबात दोन गोष्टी होत्या. तिने हमालाचा चेहरा पाहिला, आणि आवाजही ओळखला. आवाजावर ताईंच्या संघाकडे तोड नव्हती. म्हणून फक्त चेहऱ्याविषयी विचारायचं ठरलं होतं.

"पोतं त्याच्या पाठीवर होतं?" ताईंनी विचारलं.

"हो."

"मान खाली वाकलेली?"

"हो."

"मग चेहरा दिसला कसा?"

भागीरथाचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"साक्षीदार निरुत्तर, अशी नोंद घेऊ," परीक्षक म्हणाले. "पुढे चला."

निरुत्तर साक्षीदाराची साक्ष धरली जात नसे. रुपेशने मूठ आवळली. जिंकलो.

"नाही, महोदय," ताई म्हणाल्या. "साक्षीदार घाबरली आहे. निरुत्तर नाही. मी थांबते."

"वेळ तुमचा जाईल. युक्तिवादाला कमी पडेल."

"जाऊ द्या."

त्या तशाच उभ्या राहिल्या. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, ताईंनी पाहिलं नाही.

"घाई नको करू, माय," त्या मुलीला म्हणाल्या. "दिसला नाई तं नाई म्हण. दुसरं काही असंल तं ते सांग."

भागीरथाने श्वास घेतला. "चेहरा नाही दिसला. मी त्याला आवाजावरून ओळखलं."

मयुरी प्रेक्षकांत होती. युक्तिवादाआधीच्या सुट्टीत तिने ताईंना व्हरांड्यात गाठलं.

"ताई, हातातला खटला होता! काऊन थांबल्या तुम्ही?"

"मागच्या साली त्या पिंजऱ्यात माही अशीच बोलती बंद झालती. लिहून टाकलं, साक्षीदार निरुत्तर. मले समदं येत होतं, मयुरी."

"पण हे तुमचं शेवटचं वर्ष होय!"

"म्हणून काय? तिच्या भेवावर जिंकू? चाल. आवाजाचं पाहतो आता."

युक्तिवादाला ताई उभ्या राहिल्या. चेहऱ्याचा मुद्दा त्यांनी पार खोडून काढला. कुठे अडखळल्या नाहीत.

"आता राहिला आवाज," त्या म्हणाल्या. "ओळखीचा आवाज कानावर पडला, म्हणजे..."

वेळ संपल्याची घंटा वाजली. नियमाप्रमाणे त्या खाली बसल्या.

नागपूरला दुसरा संघ गेला. पुढच्या आठवड्यात आर्वीच्या बसमध्ये मयुरीने विचारलं, "म्हणजे काय, ताई? पुढं काय म्हणणार होत्या?"

"अजून जुळलं नाई," ताई म्हणाल्या. "जुळवून राह्यली."