घोडीच्या पायाला बांधलेली रबरी ट्यूब

कल्याणला आमचा टांगा होता. एकदा घोडीच्या पुढच्या पायाचा घोटा आतून पिकला. जनावरांच्या डॉक्टरांनी घोट्याच्या वर रबरी ट्यूब करकचून आवळली आणि खालच्या शिरेत अँटिबायोटिक दिलं. म्हणाले, "औषध अंगभर पसरायला नको, सांध्यातच मुरू दे."

मी गोंधळले. साप चावल्यावर विष चढू नये म्हणून बाबा असंच बांधायचे. मग हे औषध की विष? बाबा कुजबुजले, "अगं, डॉक्टर बोलत नाहीत, पण काहीतरी चावलंय."

घोडी बरी झाली. बाबा मात्र मरेपर्यंत काठी आपटूनच तबेल्यात शिरायचे. आता तिथे माझी स्कूटर असते. शिरताना मीही पाय आपटते आणि स्वतःवरच चिडते.