दोन सर्किटांचा डबा

शुद्धलेखनाच्या चुका खूप होतील आणि अक्षरही किरटं आहे, त्याबद्दल माफी मागते. चौथीनंतर लिहायचं काम फारसं पडलं नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी मागावीशी वाटली.

खालापूरकडच्या एका कंपनीत मी इलेक्ट्रॉनिक बोर्डांना सोल्डर मारते. धाकटा भाऊ आमच्या वस्तीच्या बेंजो पार्टीत, म्हणजे लग्ना-मिरवणुकीत वाजवणाऱ्या ताफ्यात, गिटार वाजवतो. गिटारचा आवाज जाड आणि जरा फाटका करायला पायाशी पेडल ठेवतात. ते विकत घ्यायला पार्टीने त्याला फंडातून पैसे दिले. त्याने विकतचं घेतलं नाही. मोबाईलवर दोन सर्किटं शोधली, एक मऊ आवाजाचं, एक करकरीत. दोन्ही एकाच डब्यात बसवायची आणि एका नॉबने हवी तेवढी मिसळायची, असं त्याच्या मनात होतं. सुटे भाग त्याने आणले, सोल्डर मी मारलं. डबा माझा जेवणाचाच घेतला, स्टीलचा.

शेजारी बाळंतीण होती, म्हणून घरी मोठ्याने वाजवलं नाही. नॉब एका टोकाला नेऊन एक सर्किट ऐकलं, दुसऱ्या टोकाला नेऊन दुसरं. दोन्ही चांगली वाजली. मधलं ऐकायचं राहिलं.

रविवारी विहाराच्या मागे सराव होता. मी तिथे पाणी घेऊन गेले होते.

"भाजी काय हाय आज?" ढोलवाल्याने डबा बघून विचारलं.

भावाने नॉब मध्यावर ठेवून तार छेडली. आवाज दुप्पट व्हायला हवा होता, तो डासासारखा बारीक झाला.

"फंडाच्या पैशाचं हे केलंस व्हय रं?" पार्टीचे मास्तर म्हणाले. "पुढच्या रविवारपर्यंत जमव. नायतर पैसे ठेव, आमी कीबोर्डवाला बघतो."

त्या दिवशी भाऊ जेवला नाही. मी सगळे जोड तपासले, एकही कच्चा नव्हता. मग मिरवणुकीत टेंपोवर लावतात ते स्पीकरचे बॉक्स आठवले. घाईत एका बॉक्सच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या, की दोन बॉक्स असूनही ढोलाचा आवाज पोकळ येतो. साउंडवाला त्या वायरींची अदलाबदल करतो, मग नीट वाजतं.

"आपल्या डब्यात पण एक उलटं असंल का?" मी विचारलं.

तो बराच वेळ मोबाईलमध्ये बघत बसला. "हाय गं ताई. करकरीतवालं आवाज उलटा करून देतं. एक वर ढकलतंय तवा दुसरं खाली वढतंय."

"तुझ्या बापासारखं," आई म्हणाली.

मऊ सर्किटच्या पुढे आवाज उलटवणारी एक आयसी, म्हणजे छोटी चिप, टाकली. आता दोन्ही एका बाजूला झाली. नॉब मध्यावर ठेवला तरी आवाज भरून आला. करकर होती, पण तिच्याखाली गोडवा राहिला.

रविवारी मास्तरांनी स्वतः नॉब फिरवून बघितला. दोनदा फिरवला. "वाजव," एवढंच म्हणाले. कीबोर्डवाल्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

पण फंडाच्या पैशाची वस्तू पार्टीची असते. वाजवणारा सोडून गेला तर ती मागे ठेवून जायची. भावाला डबा स्वतःचा हवा होता. म्हणून वाजवायच्या दर सुपारीतला त्याचा वाटा फंडात जायला लागला. जयंतीचा गेला, लग्नसराईतला गेला. लोधिवलीच्या एका हळदीनंतर टेंपोत सामान चढवताना मास्तर त्याला म्हणाले, "फिटलं रं तुझं सगळं."